पानांवरच्या खुणा : झुडपांत दडलेल्या दुर्लक्षित कीटकांचा शोध

चवथीच्या पूजेसाठी पत्री खुडताना आपला हात आपोआप धड, निर्दोष पानाकडे जातो. भोक पडलेले, कड दुमडलेले, पांढऱ्या रेघांनी माखलेले पान बाजूला टाकले जाते. पूजेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कीटकांच्या अभ्यासकाला मात्र हेच टाकलेले पान हवे असते, कारण ज्या कीटकांना आपण कधीच पाहत नाही त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा बहुधा एवढाच उरलेला असतो.

कीटक म्हटले की फुलपाखरू, चतुर, भुंगा, मधमाशी असे मोठे आणि रंगीत जीव डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात कीटकसृष्टीचा फार मोठा भाग काही मिलिमीटरच्या आत मावणारा आहे. त्यांतील अनेकांचे प्रौढ रूप थोडे दिवस जगते, रात्री वावरते आणि दिवसा सालीवरच्या एखाद्या ठिपक्यासारखे बसून राहते. त्यांचे बाकीचे आयुष्य पानाच्या पोटात, गाठीत किंवा गुंडाळीत जाते. असा कीटक शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हाताने परतण्याचीच शक्यता अधिक. पानावर त्याने केलेली खूण मात्र पान गळेपर्यंत तशीच राहते. कीटक उडून गेल्यावर, मेल्यावर, किंवा दुसऱ्याच कीटकाने त्याला खाऊन टाकल्यावरही ती वाचता येते.

या शोधासाठी झुडपासारखी दुसरी जागा नाही. उंच वृक्षाची पाने हाताला लागत नाहीत. झुडपाची पाने मात्र नजरेच्या पातळीवर असतात आणि एकाच फांदीवर कोवळी, जून, पिकलेली अशी सर्व वयांची पाने सापडतात. गोव्यातील सड्यांवर, भरडावर, कुळागरांच्या कडेला आणि देवराईच्या सावलीत करवंद, तोरण, शेरवड, मुरुडशेंग, पिटकुळी, दिंडा, निर्गुडी, अंजनी अशी देशी झुडपे वाढतात. हजारो वर्षे येथेच वाढलेल्या या वनस्पतींवर जगणारे कीटकही त्यांच्याबरोबर घडत आले. त्यांतील कित्येक एकाच वनस्पतीवर किंवा तिच्या निकटच्या भाऊबंदांवरच जगू शकतात. म्हणून झुडूप अचूक ओळखता आले की त्यावरच्या खुणेची निम्मी ओळख पटलेली असते.

पानाच्या पोटातील बोगदे

सर्वांत सहज सापडणारी आणि तरीही सर्वांत कमी वाचली जाणारी खूण म्हणजे पानावरची नागमोडी पांढरट रेघ. शेतकरी तिला नागअळीची खूण म्हणतात. पानाची वरची त्वचा आणि खालची त्वचा यांच्यामध्ये हिरवा गर असतो. पानावर घातलेल्या अंड्यातून बाहेर पडलेली चपटी अळी थेट त्या गरात शिरते आणि दोन्ही त्वचा शाबूत ठेवून मधला भाग खात पुढे सरकते. तिच्या मागे उरलेल्या पोकळीत हवा भरते, म्हणून ती रेघ चांदीसारखी चकाकते. हे पान उन्हाकडे धरून पाहावे. रेघेचे एक टोक केसासारखे बारीक असते. तेथे अंडे होते. रेघ रुंद होत जाते, कारण अळी वाढत जाते. मध्येच एखाद्या ठिकाणी रुंदी एकदम वाढलेली दिसली, तर तेथे अळीने कात टाकली असण्याची शक्यता असते. एखाद्या जिवाचे सारे बालपण असे एका पानावर सलग लिहून ठेवलेले क्वचितच पाहायला मिळते.

रेघेच्या आत काळसर ठिपक्यांची ओळ असते. ती अळीची विष्ठा. नवशिक्याने सर्वाधिक लक्ष येथेच द्यावे. लिंबाच्या पानातील नागअळी ही एका सूक्ष्म पतंगाची अळी. तिच्या बोगद्यात विष्ठेची एकच रेघ मधोमध जाते. माशीवर्गातील नागअळी मात्र एका कुशीवर पडून खाते आणि अधूनमधून कूस बदलते, त्यामुळे तिच्या विष्ठेचे ठिपके आलटून पालटून बोगद्याच्या दोन्ही कडांना पडतात. अळसांदे, टोमॅटो यांच्या पानांवर दिसणाऱ्या रेघा बहुधा अशा माशीच्या असतात, आणि त्या माश्यांपैकी एक तर अमेरिकेतून आलेली पाहुणी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती भारतात पसरली. पतंग आणि माश्या यांच्याखेरीज काही भुंगे व गांधीलमाश्यांच्या नात्यातील काही कीटकही पान पोखरतात. काहींचा बोगदा रेघेसारखा लांबत नाही, एकाच जागी फुगून फोड बनतो. काजूच्या कोवळ्या पानावर असे फोड सर्रास दिसतात. पुढे ते सुकून गळतात आणि पानाला भोक पडते. तो फोड करणारा सूक्ष्म पतंग आंब्याच्या पानावरही जगतो. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलमधून आला, पण आंबा आणि काजू एकाच कुळातील असल्याने दोन्ही पाने या अळीला मानवतात.

लिंबावरच्या नागअळीचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. फायलोक्निस्टिस सिट्रेला हे तिचे शास्त्रीय नाव. पंख पसरूनही सुमारे ४ मिलिमीटर भरणाऱ्या या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५६ मध्ये, कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून झाले. त्यानंतर जवळजवळ शतकभर ती आशियातील बागायतदारांची किरकोळ डोकेदुखी होती. १९९३ मध्ये ती अमेरिकेतील फ्लोरिडात आढळली आणि थोड्याच वर्षांत तेथील लिंबूवर्गीय बागांत सर्वत्र पोहोचली. तिची ओळख आधीपासून पटलेली होती, तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटक कोठे शोधायचे हे माहीत होते, म्हणून उपाय लवकर सुरू करता आले. करवंदाच्या किंवा अंजनीच्या पानात राहणाऱ्या एखाद्या अनाम अळीबाबत अशी तयारी कोठून असणार?

वनस्पतीने बांधलेले घर

दुसरी खूण म्हणजे गाठ. बाळगुटीच्या सहाणेवर उगाळले जाणारे मायफळ हे नावाला फळ असले तरी फळ नव्हे. ओक वृक्षाच्या फांदीवर एका सूक्ष्म गांधीलमाशीमुळे तयार होणारी ती गाठ आहे. काकडशिंगीही तशीच, हिमालयातील एका वृक्षाच्या पानावर मावा या कीटकामुळे येणारे ते शिंगासारखे फुगवटे. आपल्या आजीच्या बटव्यात कीटकांनी घडवलेल्या अशा दोन वस्तू पिढ्यान्‌पिढ्या होत्या आणि त्यांच्या शेजारीच आपल्या रानातल्या झुडपाची मुरुडशेंगही होती.

गाठ बांधते ती वनस्पती. कीटक फक्त तिला तसे करायला लावतो. अंडे घालताना किंवा रस शोषताना होणाऱ्या रासायनिक चेतवणीमुळे पानाच्या पेशी भलत्याच रीतीने वाढू लागतात आणि आतल्या जिवाभोवती अन्नही असलेले आणि निवाराही देणारे घर तयार होते. प्रत्येक कीटकाच्या गाठीचा आकार ठरलेला असतो. सातविणीच्या पानांवरचे हिरवे फुगीर फोड रस शोषणाऱ्या एका चिमुकल्या कीटकाचे असतात. आपल्या शहरांत रस्त्याकडेला लावलेल्या सातविणींवर ते कोणालाही पाहता येतील. जांभळाच्या कोवळ्या पानांवरच्या गाठी त्याच गटातील दुसऱ्या कीटकाच्या. अंजनीच्या पानाची कड आत वळून जाड झालेली दिसली, तर ती हलकेच उलगडून पाहावी. आत फुलकिड्यांची आख्खी वसाहत असू शकते. काळे प्रौढ, पिवळसर पिल्ले आणि अंडी, सर्व एकाच छपराखाली. गाठीत राहणाऱ्या भारतीय फुलकिड्यांचा सखोल अभ्यास चेन्नईच्या लोयोला महाविद्यालयातील टी. एन. अनंतकृष्णन यांनी केला.

करंजाच्या पानावर बोटांसारख्या उभ्या राहणाऱ्या असंख्य गाठी मात्र कीटकाच्या नाहीत. त्या कोळ्यांच्या नात्यातील अतिसूक्ष्म माइटच्या आहेत. कोळ्यांना आठ पाय, कीटकांना सहा. या माइटांना चारच. भिंगातूनही ते जेमतेम दिसतात.

भारतातील गाठींची मोजदाद करण्याचे मोठे काम आग्र्याच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात कीटकशास्त्राचे केंद्र उभारणारे एम. एस. मणी यांनी केले. त्यांचा ‘प्लँट गॉल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजही पहिला आधार आहे. तो चाळताना जाणवते ते हे की, कित्येक नोंदींत गाठीचे वर्णन आहे, वनस्पतीचे नाव आहे, पण ती घडवणाऱ्या कीटकाचे नाव नाही.

कात्री, शिलाई आणि सुरळी

पानाच्या कडेला जणू नाण्याने कापावा असा स्वच्छ अर्धगोल दिसला तर तो अळीने खाल्लेला नसतो. अळीची कड दातेरी, अनियमित असते. हे काम पाने कापणाऱ्या एकलकोंड्या मधमाशीचे. लांबट तुकडे ती घरट्याच्या भिंतींसाठी नेते आणि अगदी गोल तुकडा झाकणासाठी. पान ती खात नाही. तिचे घरटे भिंतीच्या भोकात, पोकळ काडीत किंवा जुन्या खिडकीच्या चौकटीत असते आणि सहसा सापडत नाही. पानावरचा अर्धगोल मात्र सापडतो.

काही सोंडकिडे तर यापेक्षाही नेटके काम करतात. मादी पान देठाकडून ठरावीक अंतरावर आडवे कापते, मधली शीर अर्धवट चावून खालचा भाग मलूल करते आणि मग तो घडी घालत, गुंडाळत अंगठ्याच्या टोकाएवढी घट्ट सुरळी बनवते. अंडे त्या सुरळीत. आंब्याच्या पानावर हे सहज दिसते, झुडपांवर थोडे शोधावे लागते. सुरळी हिरवी असेल तर अळी आत असण्याचा संभव. सुकून तपकिरी झाली आणि तिला गोल छिद्र असेल तर घरमालक निघून गेलेला असतो.

मुरुडशेंगेच्या खरखरीत पानांवर वेगळीच शिलाई दिसते. कडेपासून आत दोन काप, आणि मधला तुकडा पेटीच्या झाकणासारखा पानावर उलटवून रेशमाने टाचलेला. हे ‘स्किपर’ गटातील फुलपाखराच्या अळीचे बिऱ्हाड. ‘गोल्डन अँगल’ या फुलपाखराची अळी मुरुडशेंगेवर वाढते. झाकण उचलून पाहायला हरकत नाही, पण अळी ते पुन्हा शिवायला बरीच शक्ती खर्च करते, हे ध्यानात ठेवावे.

मात्र सगळ्या खुणांत सर्वांत मजेशीर म्हणावी ती शेरवडीवरची. पावसाळ्यात पांढऱ्या पानासारख्या दलांमुळे दुरूनही ओळखू येणाऱ्या या झुडपावर ‘कमांडर’ फुलपाखराची अळी राहते. पानाच्या टोकाकडून दोन्ही बाजू खात ती मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते आणि स्वतःच्या विष्ठेचे कण रेशमाने चिकटवून ती शीर पुढे वाढवते. त्या उघड्या काडीवर ती बसून राहते. शेजारी कुरतडलेल्या पानाचे वाळके तुकडे रेशमाने लोंबत असतात. पाहणाऱ्याला सडलेल्या पानाखेरीज काही दिसत नाही. मुंग्याही त्या काडीकडे फारशा फिरकत नाहीत, असे निरीक्षकांनी नोंदवले आहे. तांबूस पंखांवर पांढरा पट्टा मिरवणारे फुलपाखरू पाहून ‘हे येथे वाढले’ असे म्हणता येत नाही, कारण ते कोठूनही उडत येऊ शकते. उरलेली शीर आणि विष्ठेची ती काडी पाहून तसे म्हणता येते.

फसव्या खुणाही अनेक. आपल्या दमट हवेत आंबा, काजू आणि कित्येक झुडपांच्या पानांवर नारिंगी मखमली गोल ठिपके येतात. ते शेवाळाच्या एका जातीचे. काळी काजळी ही बुरशी असली तरी तिच्यामागे बहुधा कीटकच असतो, कारण ती रस शोषणाऱ्या कीटकांच्या गोड स्रावावर वाढते. म्हणून काजळी धरलेल्या पानाच्या वरच्या पानाची खालची बाजू पाहावी. केसासारख्या बारीक देठांवर उभे राहिलेले पांढरे कण बुरशीसारखे वाटतात. ती लेसविंग या उपयुक्त कीटकाची अंडी असतात.

कारवारचा वारसा

या प्रकारच्या शोधाची एक उज्ज्वल परंपरा आपल्या सीमेला लागूनच आहे. काणकोणातून पोळे ओलांडले की कारवार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे तीन सरकारी नोकर एकत्र आले. जिल्ह्याचे प्रशासन पाहणारे जेम्स डेव्हिडसन, वनखात्यातील टी. आर. बेल आणि जकात व मीठ खात्यातील ई. एच. एटकन. एटकन यांचा जन्म साताऱ्याचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांपैकी ते एक. या तिघांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील फुलपाखरांवर १८९० च्या दशकात लिहिलेली लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचे मोल प्रौढ फुलपाखरांच्या वर्णनात जितके आहे त्याहून अधिक अळ्या, कोश आणि खाद्यवनस्पती यांच्या नोंदीत आहे. त्यांनी पाने पाहिली, अळ्या घरी आणून वाढवल्या आणि अळी पानावर कोठे बसते, घर कसे करते हे लिहून ठेवले. बेल निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये तेथेच वारले.

सूक्ष्म पतंगांची कथा निराळी. कारवार, कोडगू या भागांतून गोळा केलेले नमुने इंग्लंडमध्ये एडवर्ड मेरिक या शाळामास्तरांकडे जात. त्यांनी जगभरच्या १४,००० हून अधिक जातींना नावे दिली. त्यांचा भर साध्या भिंगावर होता. सूक्ष्मदर्शकाखाली अवयवांची तपासणी करण्याची नवी पद्धत त्यांनी स्वीकारली नाही. परिणामी त्यांच्या कित्येक जातींचे नाव आहे, लंडनच्या संग्रहालयात टाचलेला नमुनाही आहे, पण त्यांची अळी कोणत्या झुडपावर जगते हे कोणाला ठाऊक नाही. पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतील टी. बेनब्रिग फ्लेचर यांनी १९२० च्या सुमारास या पतंगांची जीवनचरित्रे लिहून ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. त्यांचा ओढा साहजिकच पिकांकडे होता. रानातली झुडपे मागे राहिली, ती आजही मागेच आहेत.

नोंद कशी करावी

साधने फार लागत नाहीत. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, मोबाइलचा कॅमेरा, एक लहान मोजपट्टी आणि वही पुरते. आधी झुडपाची ओळख निश्चित करावी. फूल किंवा फळ असेल तर त्याचे छायाचित्र घ्यावे, नसेल तर फांदीवर पाने समोरासमोर आहेत की आलटून पालटून, हे तरी दिसेल असे. मग खूण असलेल्या पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि प्रकाशाकडे धरून, अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, मोजपट्टी शेजारी ठेवून. तारीख, गाव, जागेचे स्वरूप आणि अशी पाने एकूण किती दिसली, हे त्याच दिवशी लिहावे. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीवर विसंबू नये.

रिकामे बोगदे असलेली पाने वर्तमानपत्रात दाबून ठेवता येतात. आत जिवंत अळी दिसत असेल तर पान देठासह झाकणाच्या बरणीत, तळाशी टिपकागद घालून ठेवावे. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे बुरशी दोन दिवसांत पान गिळून टाकते, म्हणून कागद रोज बदलावा. पहिल्या पावसानंतर फुटणारी कोवळी पालवी आणि पावसाळा सरतानाची जून पाने, या दोन वेळा सर्वांत फलदायी. बरणीत पतंगाची वाट पाहत असताना काळी, चकाकती, मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशी निघाली तर निराश होऊ नये. ती अळीवर जगणारी परोपजीवी आहे. एका पानावर दोन जातींची नोंद झाली. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांत मात्र वनखात्याच्या परवानगीविना पानही तोडू नये, तेथे छायाचित्रावर समाधान मानावे. छायाचित्रे ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर टाकल्यास देशोदेशीचे जाणकार ती पाहतात. जातीचे नाव लावण्याची घाई करण्यापेक्षा ‘करवंदावरील नागमोडी बोगदा, विष्ठा मधोमध’ इतकी नोंद कितीतरी पटीने उपयोगी ठरते.

घाईने करण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे पाहणे. गोव्यात वृक्ष तोडायचा तर १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आडवा येतो, परंतु त्यातील वृक्षाची व्याख्या खोडाच्या जाडीवर बेतलेली असल्याने झुडपे सहसा तिच्याबाहेर राहतात. रस्त्याचे रुंदीकरण, सड्यांवरची बांधकामे, पावसाळ्यापूर्वीची ‘सफाई’ यांत झुडपांचा एक अख्खा पट्टा अर्ध्या दिवसात नाहीसा होतो आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात पडत नाही. मोकळ्या झालेल्या जागी आधी येते ती रानमोडी. अमेरिका खंडातून आलेल्या या झुडपाच्या पानांवर आपल्याकडच्या कीटकांच्या खुणा शोधायला वेळ लागतो. तिला आवर घालणारी गाठमाशीसुद्धा शास्त्रज्ञांना २००२ मध्ये इंडोनेशियातून आणावी लागली.

जैवविविधता कायद्यानुसार पंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्यात औषधी वनस्पती, भाताच्या जाती, मासे यांना जागा मिळते. झुडपाच्या नावापुढे त्याच्या पानांवर आढळलेल्या बोगद्यांची, गाठींची आणि सुरळ्यांची दोन ओळींची नोंद तारखेसह घालायला त्या नोंदवहीत कोणतीही आडकाठी नाही, आणि त्या दोन ओळी लिहायला शाळकरी मुलेही पुरेशी आहेत.